पाठीचं तूप

फार पूर्वी, नळाची तोटी कुणी स्वप्नातही पाहिली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात सगळं होतं. देऊळ होतं, पार होता, भांडायला शेजारी होते. नव्हतं ते फक्त पाणी. पाणी होतं खाली, पायथ्याच्या झऱ्यात, आणि झरा ते गाव यांच्यामध्ये होत्या तीनशे रुंद दगडी पायऱ्या.

हे पाणी वर आणायचं काम एका पाणक्याकडे होतं. त्याच्याकडे एक हेला होता, म्हणजे ओझ्याचा रेडा. रंगानं काळाभोर आणि कायम पाणी घेऊन फिरणारा, म्हणून त्याचं नाव ढग्या. ढग्याच्या पाठीवर पखाल, म्हणजे पाण्याची मोठी कातडी पिशवी, बांधलेली असायची. दिवसाला चार खेपा व्हायच्या. पाणक्या पुढे आणि ढग्या मागे.

ढग्या लहान असताना त्याची आई गेली होती. तेव्हा पाणक्यानं दुधात बोट बुडवून बुडवून त्याला जगवलं होतं. पाणक्याला मूलबाळ नव्हतं. ढग्याच त्याचं लेकरू होता म्हणा ना.

गाव मोठं गुणी होतं. सकाळचा पहिला तांब्या तोंडाला लावताना प्रत्येक घरात कुणीतरी म्हणायचंच, "पाणक्याचं भलं होवो." आणि पाणक्याचं भलं करण्याच्या या घाईतच पुढचा सगळा घोटाळा झाला.

चढण जिथे संपायची तिथेच, वेशीपाशी, हलवायाचं दुकान होतं. हलवाई मनानं चांगला. आपल्या पाकातलं पाणी या माणसानं घाम गाळून आणलंय, याची त्याला जाण होती. एकदा वैशाखाच्या उन्हात पाणक्या धापा टाकत वर आला, तेव्हा हलवायानं कढईतून काढलेली जिलबी पाकात बुडवून त्याच्यापुढे धरली.

"घे दादा. एवढी चढण चढून आलास. तुझा हक्कच आहे."

जिलबी गोड होती, पण 'हक्क' हा शब्द पाणक्याला तिच्याहून गोड लागला. त्या दिवसापासून शेवटच्या खेपेनंतर एक जिलबी ठरून गेली. मग त्याच्या मनात आलं, शेवटच्या खेपेला हक्क आहे, तर पहिल्या तिघींनी काय घोडं मारलंय? मग प्रत्येक खेपेला जिलबी सुरू झाली. जिलबीनं तोंड गोडमिट्ट व्हायचं, म्हणून वर भजी आली. पुढे पुढे तो खाली उतरण्याआधीच खायला लागला. अजून चढायचंय ना, मग त्याची उचल नको का?

देवीच्या जत्रेला खेपा बंद असायच्या. त्या दिवशी तो म्हणायचा, "काल किती राबलो!" पावसात पायऱ्या निसरड्या झाल्या की काम बुडायचं. मग मन उदास व्हायचं, आणि उदास मनाला काहीतरी कुरकुरीत हवंच. थोडक्यात काय, काम केलं तरी हक्क आणि नाही केलं तरी हक्क. असा हक्क तुम्हाआम्हाला कुणी दिला तर आपणही सोडणार नाही, तेव्हा त्याला फार हसू नका.

दोन वर्षांत पाणक्याचं अंग सुटलं. पाय सुजायला लागले. पूर्वी तो निम्म्या वाटेवर एकदाच टेकायचा, आता सात वेळा टेकायला लागला. मग एक दिवस त्यानं ढग्याचं शेपूट धरलं आणि तिथून पुढे पाणक्या मागे, ढग्या पुढे अशी वरात निघायला लागली. ढग्या पाठीवर पखाल वाहायचा आणि शेपटानं पाणक्याला ओढायचा. वेशीवरून बघणारे म्हणायचे, "लांबून कळतच नाही बुवा, यातली पखाल कोणती आणि पाणक्या कोणता!"

बायकोला मात्र हसू यायचं नाही. ती म्हणायची, "अहो, जरा बेतानं. रात्री झोपेत घुसमटता तुम्ही. मी जागी असते, मला ऐकू येतं."

"कष्टाचं खातो मी," पाणक्या म्हणायचा. "दिवसभर राबणाऱ्या माणसानं एवढंसुद्धा खायचं नाही?"

ती त्याला गावच्या वैद्यबुवांकडे घेऊन गेली. म्हाताऱ्या वैद्यबुवांनी नाडी बघितली, सुजलेल्या पायावर बोट दाबलं. बोटाचा खळगा बराच वेळ तसाच राहिला.

"आता एक सुटणार," वैद्यबुवा म्हणाले. "जिलबी नाहीतर चढण. कोणतं सोडायचं ते तू ठरव."

पाणक्या घाबरला. त्यानं तीन दिवस हलवायाच्या दुकानाकडे मान वळवून बघितलं नाही. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, तीन दिवस मन मारलं आपण, हे काय लहान काम झालं? एवढ्या मोठ्या कामाबद्दल काहीतरी मिळायला नको? आणि त्यानं तीन दिवसांच्या जिलब्या एका बैठकीत संपवल्या.

इकडे चार खेपांच्या दोनच झाल्या. घागरी अर्ध्या राहायला लागल्या. बाळंतिणींच्या घरीसुद्धा पाणी मोजून जाऊ लागलं. शेवटी पाटलांनी पाणक्याला पारावर बोलावलं. त्यांनाही ते जड जात होतं.

"हे बघ, तुझ्या बापानं पाजलेल्या पाण्यावर मी वाढलो," पाटील म्हणाले. "पण गाव तहानलंय रे. संक्रांतीपर्यंत वाट बघतो. तोवर शेपूट सोडून, चार खेपा करून दाखव. नाही जमलं तर दुसरा पाणक्या आणावा लागेल. तो आपला हेला घेऊनच येणार. मग ढग्याला बाजार दाखवण्यावाचून इलाज नाही."

घरी जाऊन पाणक्या ढग्याच्या गळ्यात पडला. "मी तुला जाऊ देणार नाही," असं त्यानं शंभरदा सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी, एवढ्या मोठ्या काळजीत आहोत म्हणून, दोन जिलब्या जास्तच खाल्ल्या.

असं होता होता पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर जुवाखाली सोलवटलेला खांदा शेकायचा, त्याला हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." या गावाच्या चढणीवर बैलांचं काम नव्हतं. दाणागोटा, लाकूडफाटा, पाणी, सगळं हेल्यांच्या पाठीवरून यायचं. म्हणून इथे पोळ्याचा मान हेल्यांना असायचा आणि मळायची ती पाठ.

बायकोनं वाटीभर तूप कोमट करून त्यात हळद कालवायला घेतली. पाणक्यानं तिचा हात धरला.

"थांब गं. वाटीभर तूप पाठीला फासून काय मिळणार ढग्याला? तेच पोळ्यांवर घाल. उद्या त्याला पोटभर खाऊ घालतो."

"अहो, पण रीत आहे ती."

"वर्षभर राबलाय तो. यंदा तर मलाही ओढलंय त्यानं. त्याचा हक्क आहे."

हा शब्द आला की पाणक्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. बायकोनं तूप पोळ्यांकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी हेले धुऊन, शिंगं रंगवून, बाशिंगं बांधून सजले. घरोघर त्यांना ओवाळून नैवेद्याच्या एक-दोन पुरणपोळ्या दिल्या गेल्या. पाणक्यानं ढग्याला बावीस दिल्या, तुपात भिजवून. वर हलवायाकडून मुद्दाम आणलेली जिलब्यांची परात पुढे सरकवली.

"अहो, पुरे. चारा पचवणारं जनावर ते," बायको कळवळून म्हणाली.

"आजच्या दिवस खाऊ दे गं त्याला."

ढग्या तरी कशाला नको म्हणतोय? धन्यानं प्रेमानं दिलं ते सगळं त्यानं खाल्लं.

दुपारी ढोल वाजायला लागले. सगळे हेले मिरवणुकीला निघाले आणि ढग्या गोठ्यात खाली बसला. उठेना. त्याची डावी कूस फुगत चालली होती. बोटानं टिचकी मारली तर ढोलासारखी वाजत होती. त्याचे डोळे पांढरे झाले, जीभ बाहेर आली, श्वास आखूड पडायला लागला. पाणक्या अनवाणी धावत वैद्यबुवांकडे गेला. दोन वर्षांत तो पहिल्यांदाच धावला.

वैद्यबुवांनी हिंग आणि ओवा गोडेतेलात कालवून ढग्याच्या घशाखाली उतरवला. "उठवा त्याला," ते ओरडले. "पायऱ्यांवर न्या. पुढचे पाय उंचावर आले पाहिजेत. आणि कूस चोळत राहा. थांबलात तर जनावर गेलं म्हणून समजा."

मिरवणूक तिथेच थांबली. बाप्यांनी ढग्याला रेटलं, बायकांनी चढणीच्या वरच्या अंगाला न्यायला वाट करून दिली. हलवाई कढई टाकून आला आणि त्यानं ढग्याचं डोकं छातीशी धरलं. पाणक्या कूस चोळायला लागला. घाम गळत होता, डोळेही गळत होते, हात मात्र थांबत नव्हते.

"एवढं का खाऊ घातलंस रे?" वैद्यबुवांनी विचारलं.

"पाठीवर ओझं वाहिलं त्यानं, वैद्यबुवा. वर्षभर. काहीतरी द्यायला नको?"

"मग पाठीला काय दिलंस?"

बायको हळूच म्हणाली, "पाठीचं तूप पोटात गेलं."

वैद्यबुवांनी मान हलवली. "आजार हेल्याला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. तुझं त्याच्याही पुढचं. राबली पाठ, बक्षीस मिळालं जिभेला आणि शिक्षा भोगतंय पोट."

ते वाक्य पाणक्याला ढग्यापुरतं वाटलं नाही. चोळता चोळता त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. ते पायरीवर टेकलेले होते, सुजलेले, टाचांना भेगा पडलेले. दोन वर्षं तो दमलेल्या पायांच्या नावानं खात होता, आणि त्या पायांपर्यंत आजवर काहीच पोचलं नव्हतं.

उन्हं कलायला लागली. आणि मग एकदम ढग्याच्या पोटातून असा काही आवाज झाला की देवळावरचे कावळे उडाले. पोरं फिदीफिदी हसली. वैद्यबुवाही हसले. "हसा, हसा! याच्याइतका शुभ आवाज आज गावात दुसरा झाला नाही."

कूस उतरली. ढग्यानं मान झटकली आणि लांब श्वास घेतला. पाणक्यानं तिथेच पायरीवर डोकं टेकलं. देवाला, वैद्यबुवांना, हलवायाला, लोटणाऱ्या प्रत्येक हाताला तो नमस्कार करत सुटला. लोकांना त्याला आवरावं लागलं.

संध्याकाळी गोठ्यात बायकोनं नवी वाटी आणून त्याच्या हातात दिली. कोमट तूप आणि हळद होती. पाणक्यानं ढग्याच्या पाठीवर हात फिरवला आणि तो चरकला. पखालीच्या दोरानं दोन जागी कातडं सोलवटलं होतं. वर्षभर तो शेपटाशी चालत होता, पण पाठीवर हात ठेवायला त्याला सवड झाली नव्हती. त्यानं हलक्या हातानं तूप चोळलं. ढग्याच्या अंगावर शहारा आला, मग त्यानं डोळे मिटले आणि आपलं भलंथोरलं डोकं धन्याच्या मांडीवर टाकलं. बावीस पोळ्या खाऊन त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

"चुकलो रे बाबा," पाणक्या त्याच्या कानात म्हणाला. "आवतण द्यायचं सोडून तुला यमाच्या दारी धाडत होतो."

वाटीत थोडं तूप उरलं होतं. बायकोनं काशाची वाटी आणली, नवऱ्याचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायला लागली.

"अगं, हे काय?"

"या पायांनीही चढण चढलीये की," ती म्हणाली. "यांना कधी कुणी विचारलं?"

तळव्यातली आग हळूहळू उतरत गेली. दोन वर्षांत एवढं सुख पाणक्याला झालं नव्हतं. तो लहान मुलासारखा रडला. "या पायांनी मला रोज वर आणलं," तो म्हणाला. "छातीनं श्वास पुरवला. तू रात्ररात्र जागलीस. आणि बक्षीस घेतलं कुणी, तर या जिभेनं. ती तर नुसती तोंडात बसून होती!"

आता गोष्ट इथे संपली असती, पण माणसाची परीक्षा गोठ्यात होत नाही. ती वेशीवर होते.

वैद्यबुवांनी ढग्याला चार दिवस विश्रांती सांगितली. गावातल्या धडधाकट माणसांनी घागरी उचलल्या, आणि पाणक्यानं स्वतःच्या खांद्यावर कावड घेतली. धरायला शेपूट नव्हतं. दहा ठिकाणी टेकत, पायऱ्यांना हात लावत तो वर पोचला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. जन्मात त्यानं एवढे कष्ट केले नव्हते. आणि वेशीवर हलवाई उभा होता, हातात ताजी, केशराचा वास येणारी जिलबी घेऊन.

"दादा, काल तू काय सोसलंस ते मी बघितलं. आणि आज ही कावड! आजच्याएवढा तुझा हक्क कधीच नव्हता."

खरं सांगायचं तर पाणक्याच्या तोंडाला पाणी सुटलं. हातही अर्धा पुढे गेला. हक्क होताच, त्यात खोटं काय होतं? पण खाली त्याचे पाय थरथरत होते आणि खांद्यावर कावडीचा लाल वळ उठला होता. त्यानं हात मागे घेतला.

"शेट, हक्क आहे खरा. पण तो जिभेचा नाही. मला जरा तुमच्या बाकावर टेकू द्या. पाय फार दुखतात हो."

हलवायाचा चेहरा उतरला. "माझ्यापाशी द्यायला दुसरं काय आहे रे? तुझ्या पाण्यावर माझं घर चालतं. मला गोडच करता येतं."

पाणक्यानं त्याचे तेलकट हात आपल्या हातात घेतले. "तुमची माया रोज पोचली मला, शेट. काल तुम्ही ढग्याचं डोकं धरून उभे होतात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

हलवाई घुटमळला. मग त्याचं लक्ष चुलीकडे गेलं. "अरे, चूल तर पेटलेलीच आहे!" त्यानं कढई उतरवली, पातेलंभर पाणी तापवलं, घंगाळात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि घंगाळ बाकापुढे आणून ठेवलं. पाणक्यानं पाय आत सोडले आणि डोळे मिटले. "आहाहा," एवढंच तो म्हणाला. हलवायाच्या जिलबीला अशी दाद कधी मिळाली नव्हती. त्याचा चेहरा फुलला.

मग रोज हेच ठरलं. प्रत्येक खेपेनंतर घंगाळ, घटकाभर बाक, आणि ढग्या कामावर परतल्यावर त्याच्या पाठीवरून हात. घरी जाऊन भाकरी, आमटी, ताक. सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दिवाळीत एकदा शेजाऱ्याशी भांडण झालं आणि पाणक्यानं रागाच्या भरात अकरा जिलब्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी त्याला वाटलं, गेलंच सगळं मुसळ केरात. पण बायको म्हणाली, "एकदा पाय घसरला म्हणून कुणी उरलेल्या पायऱ्या गडगडत खाली येतं का?" तो पुन्हा ताठ उभा राहिला. सातांवरून टेकणं पाचांवर आलं, मग तिनांवर. मार्गशीर्षात एके दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की शेपूट हातात नाहीये. कधी सुटलं ते त्यालाही कळलं नव्हतं.

संक्रांतीला सगळं गाव वेशीवर जमलं. पहिली खेप आली, दुसरी आली, तिसरी आली. सूर्य कलला तरी चौथीचा पत्ता नव्हता. पाटील हाताचा आडोसा करून बघत होते. बायकोचा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात वळणावर घंटेचा आवाज आला. पाणक्या पुढे होता आणि ढग्या मागे. पाणक्या हळू येत होता, पण त्याच्या हातात काहीच नव्हतं, ढग्याची वेसणसुद्धा नाही.

पाटलांनी त्याला मिठी मारली. "ढग्या कुठे जात नाही," ते म्हणाले, आणि तिळगुळाचं भरलेलं ताट त्याच्यापुढे धरलं. हलवायानं श्वास रोखला.

पाणक्यानं एक लाडू उचलला आणि सावकाश, अगदी चवीनं खाल्ला.

"झकास झालाय, पाटील."

"अरे, आणखी घे! एवढी चढण चढलास."

"चढणीचं मी पायांना देईन," पाणक्या म्हणाला. "हा तुमच्या मायेचा होता, म्हणून खाल्ला. आणि मायेचा एक पुरतो."

त्या गावात आता पोळ्याच्या आदल्या दिवशी हेल्यांची पाठ मळून झाली की वाटी घरात येते. ज्या हातांनी वर्षभर जातं ओढलं त्यांना तूप लागतं, कावडीच्या खांद्याला लागतं, अंगणभर पळून दमलेल्या पोरांच्या पावलांनाही लागतं. पोळी दुसऱ्या दिवशी असते, आणि ती सगळे आनंदानं खातात. पहिली वाटी अजूनही ढग्याच्या घरातून निघते.

तात्पर्य: राबलेल्या देहाचे आभार जरूर माना, पण ते राबलेल्यापर्यंत पोचू द्या, जिभेचे लाड करून पायांचे उपकार फिटत नाहीत.